रकाना सतरा

१० नोव्हेंबर २०२५, सोमवार. बँकॉक

फोटो परत! कान दिसत नाहीत म्हणे. त्रेसष्ट वर्षं हेच कान घेऊन फिरतोय, आजवर कोणाची तक्रार नव्हती. गुरुवारी रांग संपायच्या आत खिडकी बंद, शुक्रवारी झेरॉक्स फिकट, आज कान. वकिलातीचे उंबरठे झिजवायला आलोय की फिरायला?

सहलीतले बाकीचे बुधवारीच यवतमाळला परतले. मागे राहिलो मी आणि शोभा. आमचा ट्रॅव्हल्सवाला राजकुमार लोहाऱ्यात घरी येऊन, माझाच चहा पिऊन सांगून गेला होता — "काका, पुढच्या देशाचा व्हिसा तिथूनच घ्या. चार दिवसात होते. मुंबईच्या चकरा कायले मारता?" त्याच्या जिभेला हाड नाही! आणि मी ऐकलं.

त्या देशाचं नावसुद्धा इथं लिहिणार नाही, इतका वैताग आलाय. शोभाला तिथला समुद्र पाहायचाय. सगळ्यांना असंच सांगितलंय. अभिषेक त्याच शहरात राहतो, हा योगायोग.

११ नोव्हेंबर

कान पास झाले. आता नवीन — "परत जाल कशावरून?"

खिडकी क्रमांक चारवरची मुलगी. आवाज गोड, ऐकत मात्र कोणाचं नाही. मी ऐटीत राळेगावच्या शेताचा सातबारा काढला. तलाठ्याचा सही-शिक्का आहे त्यावर! तिनं उलटा धरला. मग सुलटा. मग म्हणाली, भाषांतर आणा.

सहा एकर. कापूस, तूर. वेचणी तोंडावर आलीय. शेजारचे भगवानराव रोज फोन करतात, "भाऊ, उद्या बाया सांगू का वेचाले?" फुटलेला कापूस सोडून कोण परदेशात पळून जातं? हे इंग्रजीत सांगता सांगता घाम फुटला. तिनं पाण्याचा ग्लास पुढे केला. भाषांतर मात्र हवंच.

१२ नोव्हेंबर

भाषांतर झालं. अर्ज आत घेतले. म्हटलं सुटलो. कसलं काय!

आमच्याकडे फॉर्म मी भरतो, शोभा सही करते. रेशनकार्डापासून पासपोर्टापर्यंत हीच पद्धत. या वेळी मी फोटोच्या रांगेत असताना बाईसाहेबांनी स्वतःचा फॉर्म स्वतःच भरला. खिडकीवालीनं दोन्ही शेजारी ठेवले आणि बोट टेकवलं. रकाना सतरा — आमच्या देशात तुमचे नातेवाईक आहेत काय?

माझा: नाही.

हिचा: आहे. मुलगा. खाली नाव, पत्ता, फोन नंबर. सगळं तोंडपाठ!

केळापूर तहसीलमध्ये बत्तीस वर्षं मी हेच केलं. नवरा-बायकोच्या अर्जात फरक दिसला की लाल शाईची रेघ, आणि "पुढचा!" माणूस काय सांगतोय ते कधी ऐकलं नाही. आज मी सांगत होतो आणि माझ्या मागचा पुढे सरकला.

बाहेर येऊन शोभावर ओरडलो. ती शांतपणे म्हणाली, "खोटं कायले लिहू? मले पोरगा हाये तिथं. तुमाले नसंन."

चार वर्षं झाली. जिल्हा परिषदेतली नोकरी, जिच्यासाठी मी किती लोकांच्या पाया पडलो, ती त्यानं मला न विचारता सोडली. परदेशात हॉटेलात स्वयंपाकी व्हायला! "माझ्या दारात पाय ठेवू नको," म्हणालो होतो. त्यानं ऐकलं. जन्मात एवढंच ऐकलं माझं.

१३ नोव्हेंबर

मी बोललो नाही. तीही नाही. भात आणि केळं.

१४ नोव्हेंबर

पुन्हा खिडकी चार. नव्या फॉर्मवर लिहिलं — आहे, मुलगा. दोन शब्दांना पाच मिनिटं लागली.

आता म्हणे मुलाचं पत्र हवं, आई-वडिलांना बोलावतोय असं. शोभानं पर्समधून प्लॅस्टिकच्या पिशवीतला कागद काढून काचेखाली सरकवला. अभिषेकची सही. तारीख मार्च २०२३. खिडकीवाली म्हणाली, तीन महिन्यांहून जुनं चालत नाही.

अडीच वर्षं हिच्या पर्समध्ये! कुंकवाच्या डबीशेजारी. मला दाखवायची हिंमत झाली नाही तिची. माझाच राग आला मला.

दुपारी हॉटेलच्या जिन्यात बसून शोभाच्या फोनवरून लावला. लगेच उचलला, "हां आई, बोल." मी म्हटलं, मी आहे. पलीकडे नुसता भांड्यांचा आवाज. मग, "बाबा, आई बरी हाये ना?" मी म्हटलं, बरी आहे, एक पत्र पाहिजे. "कायचं?" सांगितलं. मग, "आत्ता पाठवतो." मी फोनच ठेवला. आभारही मानले नाहीत!

१७ नोव्हेंबर

पत्रासह अर्ज दिले. शोभानं त्याच्यासाठी घ्यायच्या वस्तूंची यादी केली. यवतमाळहून तिळाची चटणी आणलीच होती म्हणे. समुद्र पाहायला निघालेली बाई!

१९ नोव्हेंबर

नाकारला. दोघांचाही.

कारण: पहिल्या अर्जात खोटी माहिती. सही माझी. ती मुलगी चुकली नाही, राजकुमारही नाही. शोभा रागावली असती तर बरं वाटलं असतं. तिनं चटणीची बरणी बॅगेतून काढून टेबलावर ठेवली, तेवढंच. अभिषेकला तिनंच कळवलं. शनिवारचं विमान, नागपूर.

२० नोव्हेंबर

सकाळी दार वाजलं. टॉवेल बदलायला हॉटेलची बाई आली असेल म्हणून बनियनवरच उघडलं. अभिषेक! खांद्याला एकच बॅग. त्याला इथं यायला व्हिसा लागत नाही, हे आम्हा दोघांच्याही डोक्यात आलं नव्हतं. मी बाजूला सरलो तरी तो बाहेरच उभा.

"बाबा, पाय ठेवू का?" म्हणाला.