आवळलेला जोड मी सगळ्यांदेखत उघडला

अप्पा, भूमला आलेय. तुमच्या गॅरेजाचं शटर उचलून तुमच्याच बाकड्यावर बसलेय. तुम्ही जाऊन इतकी वर्षं झाली, तरी हे पत्र लिहून भांडायलाच बसलेय. ऐकून घ्या. आता तुम्हाला मधे बोलता यायचं नाही.

तो बाजाराचा दिवस. सोनारीचा एक शेतकरी विहिरीवरचं डिझेल इंजन घेऊन आलाय. मी आयटीआयला, तुमच्या हाताखाली काम मिळालं म्हणून हुरळलेली. तुम्ही डिझेलच्या नळीचा नट आवळलात, हात पुसलेत, आणि मी सहज त्याला पुन्हा पाना लावला. तुम्ही तो हिसकावलात. "माझं काम तू तपासतीस व्हय गं? गिऱ्हाइकापुढं शंका काढणारा मिस्त्री उपाशी मरतो. जा घरी, भाकरी थाप." गिऱ्हाईक हसलं. घरी मी भाकरी अशी बडवली, की आईनं विचारलं, "कुणाच्या नावानं चाललंय हे?" त्यानंतर तुम्ही मला गॅरेजाची पायरी चढू दिली नाही.

तर अप्पा, मी आता लष्कराच्या कारखान्यात रणगाड्यांवर काम करते. व्हय, तुमचीच पोरगी. मागच्या महिन्यात एका रणगाड्याला धुराचा पडदा करायची यंत्रणा बसवली. चालक बटण दाबतो, इंजनाच्या तापलेल्या एक्झॉस्टमधे डिझेलचा फवारा जातो, आणि मागं असा दाट पांढरा धूर निघतो, की शत्रूला गाडी दिसत नाही. तुम्ही जन्मभर इंजनांचा धूर बंद करत आलात, मी धूर काढायचा पगार घेते! पण तेच डिझेल जोडातून गळून बाहेर तापलेल्या नळीवर पडलं, तर पेट घेतं. आणि आत माणूस बसलेला असतो.

चाचणीच्या सकाळी साहेब, फोरमन, सगळे मैदानात. चालक आत बसला, इंजन चालू करणार, तेवढ्यात माझ्या मनात आलं, फवाऱ्याच्या नळीचा शेवटचा जोड मी आवळला खरा, पण वायसर नीट बसलाय ना? मी हात वर केला. म्हटलं, थांबा, उघडून बघायचंय. फोरमन म्हणाला, "अहो बाई, काल आवळलात की! आता साहेबांपुढं शोभा कशाला?" सूर अगदी तुमचा. माझे कान तापले. तेवढ्यात चालकानं डोकं बाहेर काढलं. "ताई, बघा निवांत. आत मी बसणारंय, हे न्हाईत." मी सगळ्यांदेखत जोड उघडला.

काही नव्हतं, अप्पा. वायसर ठाकठीक, जोड पक्का. नवा वायसर घालून पुन्हा आवळला. मागं कुणीतरी खुसखुसलं. मग इंजन तापवलं, चालकानं बटण दाबलं आणि अख्खा रणगाडा धुरात गडप झाला. फोरमन दिवसभर मला शंकेखोर बाई म्हणत होता. म्हणू दे. पुढच्या वेळी शंका आली तर मी पुन्हा उघडणार, त्याच्यापुढंही आणि तुम्ही असतात तर तुमच्यापुढंही. लोक हसले म्हणून मी काही उपाशी मेले नाही.

हे पत्र कुठं टाकणार? पर्समधेच राहील. एक मात्र कुणाला सांगितलं नाही. जोड उघडताना मी देवाला म्हणत होते, काहीतरी चूक निघू दे. माझ्या कामात, आत माणूस बसलेला असताना. एवढं मला तुमच्यावर जिंकायचं होतं.