पुढची खोली पोस्टाचीच राहील

मी, खाली सही करणारी, वय चौसष्ट, या शाखा डाकघराची पोस्टमास्तरीण, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. परवा छातीत कळ आली, म्हणून आजच. डोकं ठिकाणावर असल्याचा डॉक्टरांचा दाखला जोडला आहे. मला कुणी भरीस घातलेलं नाही. मला भरीस घालणारा अजून जन्मायचाय.

१. घर माझ्या कमाईचं आणि माझ्या नावावर आहे. मागच्या दोन खोल्या व वरचा मजला मुलाला द्यावा. पुढची खोली त्याला नाही. तिथे पोस्टाचं काउंटर आहे आणि त्याला तिथे मोबाईलचं दुकान टाकायचंय. वरच्या ऑफिसने स्पष्ट कळवलंय की जागा गेली तर शाखा बंद आणि सगळी खाती शहरात. "आई, बँक आता मोबाईलवर आलीय," असं तो म्हणतो. अरे बाबा, पण घरातला मोबाईल कुणाच्या खिशात असतो?

२. काउंटरमागच्या कपाटात तेवीस बायकांची पासबुकं आहेत. ती माझी नाहीत, म्हणून कुणाला देता येत नाहीत. खातेदाराचं पासबुक ऑफिसात ठेवू नये असा नियम आहे. तो मी मोडला, आणि त्याचं कारण लिहून ठेवते.

माझे दिवंगत यजमान इथेच पोस्टमन होते. पत्ता दिसला की टपाल पोचवणारच, असा माणूस. शिवणवालीने गुपचूप खातं उघडलं, तिचं पासबुक टपालाने आलं, आणि यांनी ते घरी नेऊन तिच्या नवऱ्याच्या हातात दिलं. सगळं नियमाला धरून. दुसऱ्या दिवशी ती हात गळ्यात बांधून आली. पासबुक चुलीत गेलं होतं. यजमान त्या दिवशी जेवले नाहीत. नवं पासबुक मी कपाटात ठेवलं आणि तिला म्हटलं, "लागेल तेव्हा ये." तिच्यामागून बाकीच्या आल्या.

३. यजमानांची सायकल नव्या पोस्टमनला. ब्रेक बदलून घ्यावेत.

माझ्या दिरांना काउंटरवरची ओल्या स्पंजाची डबी, ती माझी स्वतःची आहे. तीस वर्षं मला "तिकिटं चाटणारी वहिनी" म्हणाले. एकही तिकीट मी चाटलेलं नाही, हे त्यांना एकदाचं कळावं.

४. पुढची खोली आणि कपाटाची किल्ली सूनबाईला. काउंटर चालेल तोवर तिने पोस्टाकडून भाडं महिना एक रुपयाच घ्यावं. माझ्या शिलकीतून आधी छताची गळती काढावी, उरलेलं नातीला.

चिरंजीव, सूनबाईलाच का, असं तू विचारशील. लग्नानंतर दुसऱ्याच महिन्यात ती काउंटरसमोर रांगेत उभी राहिली. मला आई न म्हणता "मॅडम, खातं उघडायचंय" म्हणाली. मी फॉर्म दिला. एक प्रश्न विचारला नाही. गेली अकरा वर्षं तिचं पासबुक त्याच कपाटात आहे, आणि तू तिच्यावर कधी हात उगारला नाहीस तरीही आहे. याचा विचार कर. हे लिहू का, असं मी तिला विचारलं. ती म्हणाली, "लिहा आई. किल्ली माझ्याकडे येणार असेल तर कळू दे."

ठिकाण: पुढची खोली.
दिनांक: ५ मार्च २०२३. शिक्का मारलेला नाही, तो सरकारचा आहे.

सही: पोस्टमास्तरीण

साक्षीदार:
१. दाखला देणारे डॉक्टर.
२. शिवणवाली. शाईचा पॅड पुढे केला होता, तिने तो बाजूला सारला आणि पूर्ण सही केली.