मिस्त्रीचा आवाज

३ फेब्रुवारी

नऊ वेळा मेले आज! मी म्हणजे टीव्हीवरच्या व्हिडिओ खेळातली ती मोटरसायकलवाली. दर वेळी तिचा साथीदार मिस्त्री मागून येतो, म्हणतो — "ऊठ, ऊठ. मी आहे ना." आणि मी उठते.

आवाज ह्यांचा. मिस्त्री मुळात तीन परदेशी सिनेमांतला; त्याला आपल्या भाषेत बोलतं केलं ते ह्यांनीच. पडद्यावरचे ओठ कुणा परक्या नटाचे, बोलणं ह्यांचं. मग त्या सिनेमांवरून हा मारामारीचा खेळ निघाला. ह्यांना जाऊन चौदा महिने झाले. सिनेमात मिस्त्री दुसऱ्यांशी बोलतो. खेळात माझ्याशी.

५ फेब्रुवारी

बोटं ऐकत नाहीत. उडी मारायला जावं तर गोळी सुटते. लेक शेजारी बसून खो खो हसते — "आई, अगं तो आपला माणूस आहे! आपल्याच माणसाला काय मारतेस?"

गोळी लागली तरी मिस्त्री मरत नाही. "जरा बघून!" एवढंच म्हणतो. कपाटाचं दार डोक्याला लागलं की हे अगदी असंच म्हणायचे.

८ फेब्रुवारी

लायब्ररीतलं पुस्तक वाचून झालं की काय आवडलं, काय खटकलं, ते मी लिहून ठेवते. शाळा सातवीपर्यंतच, पण ही सवय माझी मी लावून घेतली. मग खेळानेच काय पाप केलंय?

चांगलं — सिनेमात गोदी दोन मिनिटं दिसते, इथे हवं तितकं हिंडावं. काल क्रेनवर चढून खालचं पाणी बघत बसले. कुणी हटकलं नाही! ओल्या रस्त्यावर मोटरसायकल घसरते तेव्हा हातातला रिमोटसुद्धा थरथरतो.

वाईट — भिंतीजवळ गेलं की नुसती भिंत दिसते, आपण कुठे आहोत कळत नाही. गुंड सगळे एका साच्यातले, दहा जणांत मिळून एक वाक्य. सिनेमे न पाहिलेल्याला ती पोरगी कुणावर एवढी खवळली आहे, याचा पत्ताच लागायचा नाही. आणि मिस्त्री दारात अडकतो. मी बाहेर उभी, "या ना, या ना" करत.

सगळ्यात वाईट — पूल. तिसऱ्या सिनेमात पूल कोसळतो आणि मिस्त्री जातो. खेळातही जातो. मला वाटलं होतं, इथे तरी माझ्या हातात आहे. चार दिवस झटले. गाडी जोरात पळवली, आधीच थांबवली, दोर टाकला. शेवटी लेक म्हणाली, "आई, ते तसं ठरवूनच ठेवलंय. तू काहीही कर."

मग आमच्या हातात देतात कशाला? हॉस्पिटलातही प्रत्येक कागदावर सही माझीच घ्यायचे.

११ फेब्रुवारी

पुलापर्यंत जातच नाही आता. अलीकडे मिस्त्रीचं गॅरेज आहे, तिथेच थांबते. काही न करता उभं राहिलं की तो आपणहून बोलतो. सात वाक्यं आहेत. "घाई नाही. टेक जरा." हे मला फार आवडतं. आवाजही सिनेमातल्यापेक्षा टवटवीत, वय उतरल्यासारखा.

दुपारी शेजारीण दारात. "पाहुणे आलेत का हो? पुरुषमाणसाचा आवाज येतोय."

मी म्हटलं, "हो."

१५ फेब्रुवारी

खेळ लावला तर पडद्यावर पाटी! एक मार्चपासून नवी आवृत्ती. भिंतीजवळही नीट दिसेल. गुंडांना नवी वाक्यं. मित्र दारात अडकणार नाही. माझी वहीच वाचली जणू कुणी! आणि खाली — मिस्त्रीला नवा आवाज, एका गाजलेल्या नटाचा. जुना खेळ त्या दिवसापासून बंद.

लेकीने कंपनीला तीनदा लिहिलं. तीनदा एकच उत्तर — "आपलं मत आमच्यासाठी मोलाचं आहे."

दारात अडकू दे. मला चालतं. अडकू दे ना!

१६ फेब्रुवारी

लेकीने मोबाइल पडद्यापुढे धरून आवाज उतरवला. मागे गोळ्या, मोटरसायकल, आणि माझं नाक ओढणं.

१९ फेब्रुवारी

सुचलं! रेकॉर्डिस्ट भाऊजी. ह्यांच्याबरोबर तीस वर्षं काम केलं त्यांनी. नुसता, स्वच्छ आवाज त्यांच्याकडे असणारच. फोन केला. आधी लेकीची चौकशी केली. मग — "बघतो, वहिनी."

हे या खेळासाठी अकरा दिवस डबा घेऊन स्टुडिओत जात होते. एकदा ओरडण्याची यादी दाखवली होती. उंचावरून पडताना, पाण्यात पडताना, पाठीत लागल्यावर, शेवटचं. असं ओरडायचेही प्रकार असतात! मी म्हटलं, एक तरी ऐकवा की. म्हणाले, "घसा स्टुडिओत ठेवून आलोय."

२३ फेब्रुवारी

भाऊजी फोन उचलत नाहीत. काल उचलला तर म्हणे, "वहिनी, गाडी चालवतोय." त्यांच्याकडे गाडी कुठे आहे!

२५ फेब्रुवारी

तीन दिवस उरले. स्वयंपाक लेकीने केला. मी गॅरेजमध्ये उभी. सातही वाक्यं झाली की पुन्हा पहिल्यापासून. मध्ये मी बोलून बघितलं. तो थांबत नाही.

२६ फेब्रुवारी

उद्या स्वतःच जाते स्टुडिओत. नाही म्हणाले तर तोंडावर म्हणू देत.

२७ फेब्रुवारी

भाऊजींनी दार लावून घेतलं. मला खुर्ची दिली, स्वतः उभे राहिले. "वहिनी, खेळातला आवाज त्याचा नाहीये. ओरडायला गेला की खोकल्याची उबळ यायची, एक वाक्य पुरं होईना. अकरा दिवस काचेच्या अलीकडे माझ्या शेजारी बसून त्याने दुसऱ्या नटाला आपला आवाज शिकवला. श्वास कुठे घ्यायचा, तेसुद्धा. घरी सांगू नकोस म्हणाला."

माझ्यासमोर हे पहिल्यांदा खोकले, ते त्यानंतर पाच महिन्यांनी.