सहावा आलो त्याची हकिगत

थोरली बहीण बुरुलकान एजे यांना धाकट्या मेदेरचा छातीवर हात ठेवून सलाम. तुम्ही, आमचे मेहुणे म्हणजे जेझदे, तिन्ही मुलं आणि ती लाथाळ तपकिरी गाय, सगळे खुशाल असाल असं धरून चालतो. जेझदेंच्या कंबरेत अजून उसण भरते का? इथे तळ्याकाठी एक माणूस भेटला. तो म्हणतो, की कंबरेला मेंढीच्या शेपटीची गरम चरबी चोळायची, वर लोकरी पट्टा बांधायचा आणि तीन दिवस बायकोने सांगितलेलं एकही काम करायचं नाही. पहिल्या दोन गोष्टींबद्दल मला खात्री नाही. मी स्वतः धडधाकट आहे. उजव्या अंगठ्याचं नख तेवढं गेलं, पण ते मी फारसं वापरत नव्हतो.

फोन न करता पत्र लिहितोय, कारण फोनवर तुम्ही मध्ये बोलता.

तर शर्यतीचं. मी सहावा आलो. म्हणजे तसा एकशे चाळिसावा की काय आलो, पण हौसेने पळणाऱ्या त्या तीनशे लोकांचा आपल्याशी संबंध नाही (त्यांच्या देणग्यांतूनच सगळं आलं, तेव्हा देव त्यांचं भलं करो). लाल नंबर लावलेले आम्ही आठच, आठ गावांच्या दवाखान्यांचे आठ पळणारे, मी तुम्ही परिचारिका आहात त्या आपल्या दवाखान्याचा. त्यातल्या पहिल्या पाच गावांना अपुऱ्या दिवसांच्या बाळांना ऊब देणारी काचेची पेटी. सहाव्याला टोपी. टोपी चांगली आहे. पण गेल्या हिवाळ्यात सातव्या महिन्यात आलेलं ते बाळ तुम्ही जेझदेंच्या कातडी कोटात घालून, भोवती गरम पाण्याच्या बाटल्या लावून चार दिवस जगवलंत, हे मी विसरलोय असं समजू नका. जेझदे ते चार दिवस नुसत्या स्वेटरवर फिरले आणि कंबरेचं दुखणं तिथूनच लागलं असं ते येईल त्याला सांगतात. म्हणून सहावा का आलो ते तुम्हाला नीट सांगायलाच हवं.

पहिली गोष्ट, मी तयारी केली नाही हे साफ खोटं आहे. तुम्ही म्हणाला होतात, ‘मेदेर, सफरचंदांच्या कामावरून पळालास, तंबूंच्या कामावरून पळालास, स्वतःच्या साखरपुड्यातून पळालास. आता एकदा कशासाठी तरी पळ.’ हे मला लागलं. (सफरचंदांच्या कामावरून मी पळालो नव्हतो. अल्माटीला त्या गोदामात दिवसभर सफरचंदं पुसून पुसून माझ्या स्वप्नात लोकांची तोंडंसुद्धा चकाकायला लागली, म्हणून सांगून निघालो. मुकादमाने ऐकलं नाही, तो त्याचा प्रश्न.) तर मी तीन आठवडे रोज पळालो. बूट तंबूवाल्यांच्या स्वयंपाक्याचे, दोन नंबर मोठे, पुढे लोकर कोंबलेली. शहरातून आलेल्या पोरांकडे ताकदीसाठी चिकट गोड रसाच्या पुड्या होत्या. माझ्या खिशात आपल्या घरचे कुरुतचे, वाळवलेल्या खारट दह्याचे दगडासारखे गोळे. त्यातला एक मी एका बिश्केकवाल्याला दिला. पहिल्या किलोमीटरला त्याने तो तोंडात टाकला, अकराव्याला भेटला तेव्हाही चघळतच होता आणि त्याला बोलता येत नव्हतं.

सुरुवातीलाच घोळ झाला. गावच्या सगळ्यात वयस्कर माणसाने आशीर्वाद द्यायचा आणि मग पळायचं असं ठरलेलं. आम्ही सगळे ओंजळी पुढे धरून उभे. त्यांनी पळणाऱ्यांना आशीर्वाद दिला, पळणाऱ्यांच्या आईबापांना दिला, मग तळ्याला, गुरांना, वीज मंडळाला. घड्याळवाल्याने मात्र त्यांनी तोंड उघडल्याबरोबर घड्याळ लावलं होतं. त्यामुळे सगळ्या तीनशे लोकांच्या वेळेत अकरा मिनिटं आशीर्वादाची आहेत, आणि शहरातला एक गडी त्यावरून अजून भांडतोय.

नवव्या किलोमीटरपर्यंत मी लाल नंबरांत तिसरा होतो. हे लिहून ठेवा. पुढे वाट अक-तेरेक गावातून जात होती. आयोजकांनी पाण्याची टेबलं मांडली होती, पण गावातल्या म्हाताऱ्यांना ते अपमानासारखं वाटलं असावं. पाहुणे दारावरून जाणार आणि त्यांना नुसतं पाणी? दर फाटकापुढे एक आजी, हातात नान, बाजूला घोडीच्या आंबवलेल्या दुधाची, कुमीसची बादली. आता तुम्हीच सांगा, पुढे केलेली भाकरी तोंडाला न लावता जाणारा माणूस आपल्यात जन्मलाय का? पहिल्या दारी तुकडा मोडला, दुसऱ्या दारी मोडला. पळता पळता नान गिळणं म्हणजे कोरडी उशी गिळण्यासारखं, म्हणून कुमीस घेतला. कुमीस पोटात गेला आणि मी वर धावतोय. म्हणजे एजे, तुम्ही चामडी पिशवीत दिवसभर घुसळता ते काम माझ्या पोटाने तीन किलोमीटरांत उरकलं. माझ्या मागचे दोघंजण थोडं अंतर ठेवून पळायला लागले, ते दमले म्हणून नव्हे.

शेवटच्या फाटकातल्या आजीने माझं मनगटच धरलं. एक डोळा मिटून तिने मला न्याहाळलं.

‘कुणाचा रे तू?’

मी बापाचं नाव सांगितलं. ते तिला पुरेना. सातही पूर्वज सांग म्हणाली, सात माहीत नसलेल्याला ती आपल्या दारचा तुकडा देत नाही. बाप, आजोबा, पणजोबा, खापरपणजोबा इथपर्यंत मी गाडी नीट आणली आणि पाचव्यापाशी अडकलो. तो बैतिक की बैसाल? मला अडकलेला पाहून लोक जमले. कुणी म्हणालं, याच्या बापाने फक्त चारच ठेवले असतील. आजी हात सोडेना. तोवर माझ्यापुढून दोन लाल नंबर गेले. मी पाचवा झालो. मग तिसरा गेला आणि मी सहावा झालो. शेवटी मी पाचव्याच्या जागी जेझदेंच्या आजोबांचं नाव ठोकून दिलं आणि सुटलो. (पाचवा कोण ते लिहून पाठवा. मी परत त्या रस्त्याने जाणार आहे.)

आणि आता त्या म्हाताऱ्याबद्दल. तिसरा गेला म्हणालो ना, तो हा. ओमुरझाक-आके, वय एकाहत्तर, घाटापलीकडच्या कोक-बेलचे. त्यांच्या गावातले तरुण सगळे कामाला रशियात, म्हणून लाल नंबर यांच्या छातीवर. डोक्यावर उंच पांढरी टोपी, पायात मेंढपाळाचे गुडघ्यापर्यंतचे बूट. ते पळत नव्हतेच. वर डोंगरात हरवलेल्या मेंढीमागे जसं जातात, तशी ती चाल, न चढणारी, न उतरणारी. नानचा तुकडा त्यांनीही प्रत्येक दारी मोडला, पण न थांबता. आणि त्यांना पूर्वज विचारायची कुणाची छाती?

तेराव्या किलोमीटरपासून वाट अरुंद, एका बाजूला तळं, दुसऱ्या बाजूला काटेरी झुडपं. पुढे वडीलधारा माणूस, मागे मी. त्यांची वाट कापून पुढे कसा जाऊ? मी झुडपातून गेलो, तर अर्धी चड्डी काट्यांना देऊन परत आलो. मग वाटलं, पाण्यातून गेलं तर ती काही वाट कापणं होत नाही. गुडघाभर पाण्यात छपाक छपाक करत त्यांच्या बरोबरीला आलो. त्यांनी मान वळवून पाहिलं.

‘पोरा, पोहायची शर्यत उद्या आहे.’

मी परत मागे. असे आठ किलोमीटर, एजे. त्यांच्या पाठीवरची घामाची आकृती मी आता झोपेतही काढू शकेन. असला हटवादी, घट्ट, बुटांचा करकर आवाज करणारा म्हातारा उभ्या तळ्याकाठी दुसरा नसेल. ते पाचवे आले, मी त्यांच्या दोन पावलं मागे सहावा. म्हणजे दोष कुणाचा म्हणाल, तर रीतिरिवाजाचा, म्हणजे ज्यांनी मला तो शिकवला त्यांचा, आणि मला वाढवलं तुम्ही.

मुलांना पापे, जेझदेंना टोपी (सोबत पाठवतोय), गायीला माझ्याकडून काही नको.

तुमचा मेदेर

ता. क. हे पत्र मोठ्याने वाचू नका. आत्तापर्यंत वाचलं असेल तर इथे थांबा आणि पुढचं मनात वाचा.

ता. क. दुसरा. वर लिहिलंय ते सगळं खरं आहे, पण एक राहिलं. शेवटच्या किलोमीटरला वाट रुंद झाली. ओमुरझाक-आके बाजूला सरले, हात छातीवर ठेवला आणि म्हणाले, ‘जा बाळा, पुढे जा. माझा तुला आशीर्वाद आहे.’ म्हणजे रिवाजाची अडचण तिथेच मिटली होती आणि माझ्या पायांत दम होता. पण त्या आठ किलोमीटरांत आम्ही बोललो होतो (मीच बोललो म्हणा, ते मधूनमधून). कोक-बेलचा घाट नोव्हेंबरात बंद होतो तो एप्रिलात उघडतो. आपला काराकोलच्या मोठ्या इस्पितळाकडे जाणारा रस्ता थंडीतही चालू असतो. त्यांच्या नातसुनेला जानेवारीत दिवस भरतात. मागच्या जानेवारीतल्या बाळाला घेऊन घरचे बंद घाटातून इस्पितळाकडे निघाले होते, एवढं सांगून त्यांनी टोपी डोळ्यांवर ओढली. म्हणून ते परत दोन पावलं पुढे जाईपर्यंत मी बुटाची नाडी बांधायला बसलो. स्वयंपाक्याच्या बुटांना नाडी नाही. तुम्हाला काय करायचं ते करा, मी ऐकून घेईन. आयोजक बाई पुढच्या वर्षी आणखी पेट्या आणणार म्हणतात. तोवर या हिवाळ्यात मी घरीच राहतो. आपल्या गावात कुणाचं बाळ लवकर आलं तर या वेळी कोट माझा घ्या, जेझदेंची कंबर वाचेल.

ता. क. तिसरा. त्यांच्या दवाखान्यातली परिचारिका एकोणीस वर्षांची आहे आणि तिने असली पेटी चित्रातही पाहिलेली नाही. तुम्ही ती चालवायला काराकोलला शिकलात. बर्फ पडायच्या आत तुम्ही तिथे दहा दिवस राहून तिला शिकवाल असं मी तुमच्या वतीने सांगून टाकलंय. हे पत्र घेऊन आलेले आणि आता तुमच्यासमोर चहा पीत, पत्राकडे लक्ष नसल्यासारखं दाखवत बसलेले पाहुणे ओमुरझाक-आकेच आहेत. बाहेर बांधलेला दुसरा घोडा तुमच्यासाठी आणलाय.