घडलं आणि वाटलं

स्फॅक्स, ३ सप्टेंबर

प्रिय वसीलाताई,

सात महिने एक ओळ लिहिली नाही, माफ कर. आपल्या उम्मीचे गुडघे कसे आहेत? इथला उकाडा हटत नाही.

रीतीचं लिहून झालं. मी संतापलेय. तुझ्या गच्चीवर वर्षभराचा रव्याचा कुसकुस वळून वाळला, साऱ्या चुलतबहिणी जमल्या, आणि मला बोलावलं नाहीस. बेचाळीस वर्षांत पहिल्यांदा! वर शेजारणींना सांगितलंस म्हणे, "रौधाला नजर लागलीय."

नजर नाही गं. बॉर्डरलाइन व्यक्तिमत्त्व विकार. तू फोन उशिरा उचललास की वाटतं, मी मेले तरी हिला चालेल. पाच मिनिटांनी हसलीस की जगात तुझ्यासारखी तूच.

गेल्या वर्षी तू म्हणालीस, "तुझा दाणा जाड झालाय, बाई," आणि मी अख्खी परात गच्चीवरून खाली ओतली. उम्मीची तीन दिवसांची मेहनत. तो गुन्हा माझाच. पण "लहानपणापासूनची नाटकी!" असं सगळ्यांसमोर म्हणालीस. नाटकीला टाळ्या हव्या असतात, ताई. मी न्हाणीघराला कडी लावून स्वतःला मारत होते.

दर मंगळवारी उपचाराला जाते. शाळाच आहे ती. राग आला की मुठीत बर्फ धरायचा, मग कागदावर दोन रकाने करायचे: काय घडलं, काय वाटलं. काल तुझं नाव घेतलं.

"बोलावलं नाही, हे घडलंय की वाटलंय?" डॉक्टर नझीहांनी विचारलं.

"घडलंय! एक फोन नाही तिचा."

"अहो, फोन काढा पाहू."

काढला. फेब्रुवारीत मीच तुझा नंबर ब्लॉक करून ठेवला होता. कशावरून, तेही आठवेना. डॉक्टर हसल्या नाहीत, हे त्यांचे उपकार.

वरचं 'बोलावलं नाहीस' खोडत नाही. मी कशी पेटते ते तुला दिसू दे. उम्मीच्या फोनवरून करता आला असता तुला, हेही खरंच. 'नजर' ऐकीव आहे, ते सोडते. 'नाटकी' मात्र या कानांनी ऐकलंय. ते मागे घे. फोनवर नको, पुढच्या मंगळवारी डॉक्टरांसमोर घे. त्या घरच्यांनाही बोलावतात. महदियाहून बस दोन तासांची आहे.

अजून रागात असलेली, तरी तुझीच,
रौधा

उद्या: ताईचा नंबर मोकळा करणे.