वाट बंद झाल्याची नोटीस

आप्पा, आज माझ्या टेबलापुढं कॉलेजची एक मुलगी उभी होती. इंटर्नशिप संपली, फॉर्मवर माझी सही हवी होती. मी सही करत असताना तिनं सहज विचारलं, "मॅडम, तुमची इंटर्नशिप कुठं झाली होती?" मी म्हटलं, भिवंडीला, वडप्याच्या एका गोडाऊन कंपनीत. "तिथं कशी मिळाली?" मी सही केलेला फॉर्म तिच्याकडं सरकवला. तुमच्याबद्दल मी बाहेर बोलत नाही. घरात आई तुमच्या फोटोला हार घालते तेव्हा मला नेमकी तहान लागते आणि मी पाणी प्यायला उठते. बारा वर्षं झाली तुम्हाला जाऊन. राग निवतो म्हणतात, माझा राग खरंच निवला. जे उरलं त्याला राग म्हणत नाहीत. किळस हा शब्द बापाला वापरू नये म्हणून वापरत नाही.

मास मीडियाचं शेवटचं वर्ष होतं. तुम्हाला ते काय असतं हे कधीच कळलं नाही, आणि कळून घ्यावंसंही वाटलं नाही. पाहुण्यांना तुम्ही सांगायचात, "पोरगी टेलिफोनचं शिकते." कल्याणच्या एका साप्ताहिकानं मला आठ आठवड्यांसाठी घेतलं होतं. संपादकांनी माझे दोन लेख वाचून स्वतःच्या हातानं पत्र लिहिलं होतं. ते पत्र मी तुमच्या हातात दिलं, तुम्ही ते न वाचता घडी करून चष्म्याच्या घराखाली ठेवलंत. "रोज कल्याणला जायला आपल्या घरात काय कमी हाय?" आणि माझ्यासमोरच कंपनीच्या साहेबाला फोन लावलात. "हमारे जमीन पे बैठे हो ना साब? फिर हमारी लडकी को एक कुर्सी दो." फोन ठेवून माझ्याकडं बघून हसलात. "याला म्हणतात कम्युनिकेशन."

खुर्ची मिळाली. ती होती एचआरच्या साहेबाच्या केबिनबाहेर, पाण्याच्या मशीनशेजारी. पहिले तीन आठवडे मी कामगारांच्या वाढदिवसांची यादी केली आणि 'सुरक्षा प्रथम'चे फलक तपासले, ज्यांत 'सुरक्षा' तीन प्रकारे लिहिलेली होती. साहेब माझ्याशी फार अदबीनं वागायचा. मला वाटायचं माझं काम आवडतंय. अदब तुमच्या उरलेल्या जमिनीसाठी होती. मग एके सकाळी त्यानं मला आत बोलावलं आणि माझं पहिलं खरं काम दिलं. कंपाउंडच्या पूर्वेची वाट बंद होणार होती, तिथं लावायची नोटीस मराठीत हवी होती. "बंद मत लिखना," तो म्हणाला, "थोडा पॉझिटिव्ह रखो."

ती वाट कुठली हे मला सांगायची गरज नव्हती. डोंगराकडच्या पाड्यावरची माणसं त्या वाटेनं हायवेला यायची, तिथून गाडी पकडून पडघ्याच्या बाजाराला जायची. त्यांची पोरं त्याच वाटेनं शाळेत यायची. आधी ती आपल्या शेताच्या बांधावरून जात होती, तुम्ही शेत विकलंत तेव्हा ती कंपाउंडच्या आत गेली, पण तिच्यावरचं गेट उघडं असायचं. विकण्याआधी पाड्यावरचे लोक आपल्या ओटीवर आले होते. मी चहाचे कप आणले होते, म्हणून मला आठवतं. तुम्ही खाटेवर बसला होतात आणि ते उभे होते. तुम्ही म्हणालात, "वाट जाते कुठं? मी जिवंत हाय तवर तुमची वाट चालू." ते चहा पिऊन गेले. मला त्या दिवशी तुमचा अभिमान वाटला होता.

हे सगळं माहीत असून मी नोटीस लिहिली. दोन तास बसून लिहिली. 'परिसरातील सर्व नागरिकांच्या सुरक्षिततेसाठी पूर्वेकडील मार्ग कायमस्वरूपी स्थगित करण्यात येत आहे. आपल्या सहकार्याबद्दल मनःपूर्वक आभार.' कायमस्वरूपी स्थगित! आज माझ्या हाताखालच्या कुणी असं लिहिलं तर मी त्याला दारात उभं करणार नाही. साहेबानं वाचून अंगठा वर केला.

दुसऱ्या दिवशी डब्याच्या सुट्टीत मी त्या गेटपाशी गेले. खरं सांगायचं तर आपलं लिहिलेलं छापून कसं दिसतं ते बघायला गेले. तिथं आपल्याकडं भाताच्या लावणीला यायची ती पाड्यावरची बाई उभी होती, डोक्यावर शेवग्याच्या शेंगांचा भारा. गेटला साखळी होती. मला बघून तिचा जीव भांड्यात पडला. "बाय, तुमी हाव व्हय? काय लिवलंय ह्यावर, वाचा की." मी वाचलं, पहिल्यापासून शेवटपर्यंत, अगदी आभारासकट. तिनं लक्ष देऊन ऐकलं. मग म्हणाली, "म्हंजे काय?"

"वाट बंद," मी म्हटलं.

"कवापर्यंत?"

"कायमची."

तिनं साखळी एकदा ओढून बघितली. "पन आप्पांनी तं शबूद दिलता," म्हणाली. आवाज चढवला नाही. भारा सावरून आल्या वाटेनं मागं वळली.

मी तशीच घरी आले. तुम्ही जेवायला बसला होतात, आई सुक्या बोंबलाचं कालवण वाढत होती. मी उभ्यानंच विचारलं, तुम्हाला माहीत होतं का? तुम्ही काटा काढत काढत म्हणालात, "माहीत नसायला काय झालं? साहेबानं मना इचारूनच केलं."

"तुम्ही शब्द दिला होता."

"शब्द काय सातबाऱ्यावर चढतो?" आणि घास गिळून, माझ्याकडं न बघता, "नोटीस कोनी लिवली? तूच ना? मंग बस जेवायला."

मी बसले, आप्पा. आईनं वाढलं आणि मी जेवले. तुमचा तिरस्कार करायला मला त्या दिवसानं शिकवलं असं मी इतकी वर्षं स्वतःला सांगत आले. पण त्या दुपारी कालवण मला आवडलं होतं, हेही खरं आहे.

उरलेले आठवडे मी पूर्ण केले. कॉलेजात तोंडी परीक्षेला आलेल्या बाईंनी माझ्या फाइलमधल्या त्याच नोटिशीवर बोट ठेवलं. 'लक्ष्य वाचकवर्ग' ओळखून भाषा संयत ठेवली आहे, म्हणाल्या. लक्ष्य वाचकवर्गाला वाचता येत नव्हतं, हे मी सांगितलं नाही. मला सगळ्यांत वरची श्रेणी मिळाली. तुम्ही गावात पेढे वाटलेत आणि सर्टिफिकेट फ्रेम करून ओटीवर लावलंत, जिथं पाड्यावरचे लोक उभे राहिले होते त्याच भिंतीवर. मला नव्या स्कूटीची किल्लीही दिलीत. मी ती घेतली.

पाड्यावरच्या पोरी हायवेच्या कडेनं, कंटेनरच्या वाऱ्यात, काही दिवस शाळेत आल्या आणि मग यायच्या बंद झाल्या. त्या बाईला पुढं त्याच गोडाऊनमध्ये ठेकेदाराकडं झाडूचं काम लागलं. ज्या जमिनीवरून ती कुणाला न विचारता चालायची, तिथं ती गळ्यात पास घालून जाऊ लागली.

आणि तुम्ही गेलात. पाड्यावरचे लोक तुमच्या मयताला आले, पण पोचले तेव्हा चितेला अग्नी दिला होता. ती बाई माझ्याजवळ आली, घामानं भिजलेली, म्हणाली, "लांबनं यावं लागलं, बाय, म्हनून उशीर झाला." तिच्या बोलण्यात टोमणा नव्हता. मी शोधला, सापडला नाही. तुम्हाला काही वाटलं असतं का, आप्पा? मला वाटत नाही. तुम्ही म्हणाला असतात, आले ना शेवटी.

ती अजून असते. वडप्याच्या नाक्यावर भेटली की प्रत्येक वेळी हात धरते आणि सोबतच्या बाईला सांगते, "हिनं वाचून दावलं म्हनून आमाला कळलं. न्हायतर कोन सांगतंय गरिबाला?" त्या दिवशी गेटपाशी एक गोष्ट झाली, ती मी जेवताना तुम्हाला सांगितली नव्हती. वळण्याआधी तिनं विचारलं होतं, "ह्ये लिवलं कोनी?" आणि मी म्हटलं होतं, "मुंबईच्या हापिसातनं आलंय."