कढईपाशी कोण

३ डिसेंबर
सकाळपासून पाच वेळा संडासला. दोनदा रक्त. दुसरी कढई जळाली. खवा घट्ट व्हायला लागला की उलथणं मिनिटभरही थांबवायचं नसतं, हे मी अठरा वर्षं निम्म्या ईट गावाला शिकवत आलोय. नेमकी तेव्हाच कळ आली. दाबून धरली, मग पळालो. येईस्तोवर तळ लागलेला. सुनीता गोठ्यातून धावत आली. "अवो, हाक मारायची की! म्या काय परकी हाय का?" म्हणालो, मोबाईलवर होतो, लक्ष नव्हतं. बायकोला सगळं ठाऊक, तरी तिच्याशीच खोटं. कमाल आहे माझी.

५ डिसेंबर
धाराशिवला डॉ.कडे. प्रवास म्हणून काल दुपारपासून उपाशी. मधे बरं वाटलं तेव्हा महिनाभर गोळ्या सोडल्या होत्या, ते मी सांगितलं नाही. सु.नं सांगितलं. डॉ. म्हणाले, "आतड्याचा हा आजार कायमचा आहे. तुम्ही अजून त्याच्याशी कुस्तीच खेळताय."
बाहेर बाकावर अणदूरच्या एक मावशी. हाच आजार, नऊ वर्षं. सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगत होत्या, "म्या तर सरळ येष्टी थांबवते. कंडक्टरला म्हणते, बाबा, पोट माझं ऐकत न्हाय, तू तरी ऐक." सगळे हसले, त्याही हसल्या. मला घाम फुटला. बाईला लाज कशी वाटत नाही?
खरं तर हेवा वाटला.

८ डिसें.
भट्टीपासून संडास चौतीस पावलं. आज तिसाव्यापर्यंतच पोचलो. लुंगी सु.नं धुतली. म्हणाली, उलथणं माझ्याकडं द्या. नाही दिलं. माझ्या कढईला दुसऱ्याचा हात लागलेला चालत नाही मला. लिहितानाही कान तापलेत.

११ डिसें.
दिलं शेवटी. आत बसून ऐकत होतो, उलथण्याचा आवाज एकदाही थांबला नाही. बाहेर आलो तर खवा उतरवूनही झालेला. दाणेदार. माझ्यापेक्षा…

पेढेवाले शेठ आले, बोटावर घेऊन चाखला. "आजचा माल एक नंबर! हात कुणाचा?" म्हणालो, "माझाच की, दुसऱ्या कुणाचा असणार?" सु. तिथंच उभी होती, पदराला हात पुसत.

१२ डिसें.
सु. कामापुरतंच बोलते. सकाळी एवढंच म्हणाली, "तुमचं पोट मला कळतंय. पर म्या हाय, ते तुमाला दिसंना." उलथणं धुऊन माझ्या पाटाशी ठेवलं. एकट्यानं एकच कढई निघाली, तीही धाकधुकीत. दिवसभर सगळ्यांवर खेकसलो.

१३ डिसें.
गोळ्या वेळेवर घेतल्या, तिला दिसेल अशा. तिनं बघितलं नाही.
शेठ आज पुन्हा येणार. परवाचा हात हिचा होता, हे सांगायचंय. मग का होता, तेही विचारतील. पहाटेपासून वाक्य जुळवतोय, मधे तीनदा उठलो. मावशींनी एका दमात सांगितलं असतं.
दुधाचे कॅन आलेत. सु. ओसरीत भाजी निवडतेय, माझ्याकडं पाठ करून. शेठची गाडी लवकरच आली, दारात थांबली आहे. पोटात मुरडा सुरू झाला.
हाक मारली तर ती येईल, माहीत आहे. पण शेठसमोर मारायची आहे.